रिकामं वजन

१

रविवारी सकाळी निवृत्तीअण्णा चहासुद्धा घेत नसत. गाडी चालवायची तर पोट हलकं हवं, हा त्यांचा नियम. आडगावला मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. शाळा लहानपणीच सुटली, हातात हातोडा आला, आणि त्याच हातोड्यावर पुढे बंगला उभा राहिला. मुलगा शिकून परदेशी गेला. घरात अण्णा आणि त्यांची बायको लताबाई, एवढीच माणसं.

अण्णांना एकच शौक होता आणि साठी उलटेपर्यंत त्यांनी तो कोणाला कळू दिला नव्हता. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, त्यांनी शर्यतीच्या गाड्यांची चित्रं चिकटवली होती. ठेंगण्या, रुंद, जमिनीला पोट लावून बसलेल्या गाड्या. तसली गाडी घ्यायची तर कारखाना विकावा लागला असता. म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी एस्टीम गाडी आणली आणि मागच्या शेडमध्ये स्वतःच घडवायला घेतली.

ट्रॅकवरच्या गाडीत जितकं कमी तितकं चांगलं. मागची सीट गेली, शेजारची गेली. खालचा गालिचा, छताचं कापड, दारांचे आतले पुठ्ठे, सगळं निघालं. उरली एकच सीट, बरगड्यांना दोन्हीकडून धरून ठेवणारी. तिला चार पट्ट्यांचा बेल्ट, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, पोटावर एका बकलात येऊन मिळणारा. आणि सीटच्या भोवती जाड नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून.

अण्णांच्या कारखान्यात एक शिस्त होती. बॉडीचा शेवटचा जोड मारायच्या आधी सगळ्यांनी खाली उतरायचं. मग मिस्त्रीने पत्र्यावर हातोडा ठोकून आत कोण आहे असं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की मगच वेल्डिंग सुरू करायचं. अण्णांच्या वस्तादापासून हे चालत आलं होतं. कशासाठी, ते कोणी विचारलं नव्हतं. हातोडा न ठोकता जोड मारला, एवढ्यावरून अण्णांनी एका पोराला कामावरून काढलंही होतं.

पण पिंजऱ्याची शेवटची नळी बसवताना अण्णा स्वतः सीटवर बसून राहिले. नळी त्यांच्या गुडघ्यापासून आणि डोक्यापासून नेमकी किती लांब राहते, ते त्यांना बसूनच बघायचं होतं. मिस्त्री गोटीराम, त्यांच्याच वयाचा, वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून उभा राहिला.

"अण्णा, उतरा. माप घेतलंय ना आपण."

"माप माणसाचं घ्यायचं असतं. मार."

त्यांनी ओलं पोतं डोक्यावरून ओढून घेतलं. गोटीरामने काच डोळ्यांवर ओढली. मग सवयीने त्याचा हातोडा पत्र्यावर वाजला आणि सवयीनेच त्याने विचारलं, "आत कोन हाय?"

पोत्याखालून अण्णा वैतागून म्हणाले, "मी आहे. मार लवकर."

२

रविवारचा कंपू मोठा नव्हता. सगळे अण्णांच्या मुलाच्या वयाचे. त्यांची म्होरकी डॉक्टर संजना, गंगापूर रोडला तिचा दातांचा दवाखाना. लाल रंगाची छोटी गाडी ती अशी पळवायची की पोरांना लाज वाटावी. हे सगळे उजाडता उजाडता दिंडोरी रस्त्याला लागत, द्राक्षाच्या बागांमधून वणीपर्यंत जात, घाटाच्या तोंडाशी गाड्या लावून गप्पा मारत आणि परत येताना मिसळ खात. अण्णा गप्पांत पडत नसत. पण ते आले की पोरं खुर्ची ओढून देत, आणि ते त्यांना आवडत असे.

"अण्णा, तुमच्या गाडीत ना गाणी, ना एसी, ना काकू," संजना म्हणायची. "यात सुख काय?"

"हेच," अण्णा म्हणायचे. पोरं हसायची.

दिंडोरीच्या पुढे एका हौशी बागायतदाराने माळावर स्वतःचा ट्रॅक बांधला होता. काळाभोर, वळणावळणाचा. द्राक्षांची तोड आटोपली की एका रविवारी तो कंपूसाठी उघडणार होता, आणि पहिली फेरी अण्णांनी मारायची असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. त्यासाठी अण्णा गाडीचं वजन उतरवत होते.

कारखान्याशेजारीच वजनकाटा होता. बांधलेली प्रत्येक बॉडी गिऱ्हाइकाला देण्याआधी तिथे नेऊन रिकामं वजन घ्यायचं, हे अण्णांच्या हाडात मुरलेलं. गाडी काट्यावर चढवायची, ड्रायव्हरने उतरून बाजूला उभं राहायचं, मग आकडा बघायचा. काट्यावर बुद्धभूषण नावाचा तरुण बसत असे. कामाला चोख, बोलायला गोड.

पिंजरा पुरा झाल्यावर अण्णांनी गाडी काट्यावर नेली. उतरले. बुद्धभूषणच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तो आत पडद्यावरचा आकडा बघत होता. मान वर न करता तो लाउडस्पीकरवर बोलला, "अण्णा, उतरा खाली. वजन घ्यायचंय."

अण्णांनी काचेवर टकटक केली.

बुद्धभूषणने वर पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तुम्ही इथं होय," तो म्हणाला. "मला वाटलं आत बसलाय."

"का वाटलं?"

तो ओशाळला. आकडा मोठा दिसला म्हणून वाटलं असेल, म्हणाला. अण्णांनी आकडा पाहिला. पिंजऱ्याच्या नळ्या त्यांनी स्वतः तोलून घेतल्या होत्या. त्या धरूनही वजन जास्त येत होतं. एका माणसाएवढं.

३

काटा बिघडला असणार. अण्णांनी गाडी दुसऱ्या काट्यावर नेली, ओझरच्या अलीकडे. तिथेही तेच.

मग त्यांनी आणखी काढायला सुरुवात केली. मागच्या काचा काढून प्लास्टिक बसवलं. हीटर काढला, डांबराचे जुने थर खरवडले, सुटी स्टेपनी काढली. काढलेला माल शेडच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडला. गोटीराम दोन्ही हातांनी उचलून हाशहुश करत तो ढिगात नेऊन टाकत होता. आणि काट्यावर, निघालेल्या मालाएवढं वजन बरोबर कमी होत होतं. त्यात खोट नव्हती. पण ते एका माणसाचं जास्तीचं जागचं हलत नव्हतं.

अण्णा हिशेबी माणूस. भूतबाधा, करणी असलं काही त्यांच्या कारखान्यात कोणी बोललं तर ते त्याला घरचा रस्ता दाखवत. त्यांनी ठरवलं की हे उलट बाजूने तपासायचं. ते गाडीत बसले, बेल्ट लावला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून बुद्धभूषणला खूण केली. आता वजन घे. माझ्यासकट.

बुद्धभूषणने घेतलं. मग तो बाहेर आला आणि गाडीच्या भोवती फिरला. काट्याच्या कडेला कुठे खडी अडकली आहे का ते वाकून बघितलं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काय नाही अण्णा. तेवढंच आहे."

"किती तेवढंच?"

"तुम्ही उतरल्यावर होतं तेवढंच."

ते बसले काय नि उतरले काय, काट्याला फरक नव्हता. रस्त्यावरून कंटेनर जात होते, त्यांच्या हादऱ्याने काट्याची पोलादी पाटी बारीक थरथरत होती. अण्णा पिंजऱ्यात तसेच बसून राहिले. उतरताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बकल उघडलं होतं, पट्टे बाजूला झाले होते, तरी खांद्यांवर ते आहेत असं वाटत राहिलं.

कारखान्यात आल्यावर त्यांनी सगळे जेवायला गेल्याचं पाहून भंगाराच्या काट्यावर पाय ठेवला. काटा हलला. त्यांचं स्वतःचं वजन पुरेपूर भरलं, ना कमी ना जास्त. अण्णांना आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की हे जर पुरेपूर इथे आहे, तर तिकडे गाडीत बसलेलं कोणाचं आहे? त्यांनी तो विचार तिथेच तोडला आणि गोटीरामला जेवणावरून हाक मारून उठवलं. कारण नसताना त्याला झापलं. त्याने बरं वाटलं.

४

सोमवारी जेवायला बसले तर ताटात पुरण होतं. सण नव्हता. लताबाई गुणगुणत होत्या. अण्णांनी त्यांना गुणगुणताना ऐकलं ते कधी, हे त्यांना आठवेना.

"कालचं त्र्यंबक बरं झालं," लताबाई म्हणाल्या. "किती वर्षांनी गेलो."

"कोण गेलं?"

"कोण म्हंजे? तुम्हीच नेलं ना. दुपारी मिसळ खाऊन आलात आणि म्हणालात, चल, लुगडं बदल."

अण्णांनी घास ताटात ठेवला. काल दुपारी ते शेडमध्ये होते. गाडी आत लावली, आणि सीटवर जरा टेकून राहिले होते, एवढं त्यांना स्वच्छ आठवत होतं. शटरच्या खालून उन्हाची पट्टी आत आली होती. ती ऑईलच्या डागावरून सरकत सरकत पुढच्या चाकापर्यंत पोचली आणि विझली. रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. छपरावर साळुंक्या भांडत होत्या. सोमवारी सकाळी ते आपल्या पलंगावर उठले. मधे घरी कसे आले, हे त्यांना आठवत नव्हतं, पण वयाने होतं असं कधी कधी.

लताबाईंनी मोबाइल पुढे धरला. फोटोत कुशावर्ताच्या पायरीवर दोघं उभी होती. अण्णांचा हात लताबाईंच्या खांद्यावर होता. आणि अण्णा हसत होते. दात दिसत होते. लग्नाच्या फोटोतही त्यांचे दात दिसत नव्हते.

"हा मी नाही," ते म्हणाले.

"मग कोण आहे?"

एवढंच विचारून लताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या घरात प्रश्न अण्णा विचारत, उत्तरं बाकीच्यांनी द्यायची असत. अण्णांनी ताट सरकवलं, आवाज चढवला, पुरणाला नावं ठेवली. लताबाईंनी ताट उचललं. गुणगुणणं थांबलं होतं. त्यांचा चेहरा पुन्हा तसा झाला जसा अण्णांनी जन्मभर पाहिला होता, पुसल्यासारखा.

स्वयंपाकघरातून त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही रविवारी गाडी घेऊन जात जा. येता तेव्हा बरे असता."

याच बाई गाडीवर चिडून होत्या. शेडमध्ये त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

त्यापुढच्या रविवारी गेलेले अण्णा घरी परतले ते मंगळवारी. म्हणजे लोकांच्या लेखी ते रविवारीच परतले होते. दोन्ही दिवस कारखान्यात आले, मजुरांना चहा पाजला, ज्या पोराला काढलं होतं त्याला बोलावून परत ठेवलं. गोटीरामने हे सगळं त्यांना कौतुकाने सांगितलं. अण्णा ऐकत होते. त्या दोन दिवसांत हाच गोटीराम शेडमध्ये खिळे शोधत फिरताना त्यांनी पाहिला होता. खालून, पिंजऱ्याच्या दोन नळ्यांमधून. त्यांनी त्याला हाकही मारली होती.

"ट्रॅकचा रविवार झाला की सोमवारी पिंजरा काप," अण्णा म्हणाले.

गोटीराम चकित झाला. एवढं जीव ओतून केलेलं काम. त्याने कारण विचारलं.

"सांगितलं तेवढं कर. मी नको म्हणालो तरी काप."

"तुम्हीच नको म्हणाल्यावर कसं कापू अण्णा?" गोटीराम हसत म्हणाला.

५

रविवारी जायचं नाही, हाही एक मार्ग होता. अण्णांनी शनिवारी दिवसभर त्यावर विचार केला. पण पहिली फेरी त्यांच्या नावाची होती. म्हातारा घाबरला, असं पोरं तोंडावर म्हणाली नसती, पाठीमागे म्हणाली असती. आणि आपल्या हाताने जोडलेल्या लोखंडाला भ्यायचं? नळी न् नळी त्यांनी स्वतः निवडली होती. त्यांनी मनाशी पक्कं केलं की उतरताना सावध राहायचं. घाई करायची नाही. एक एक अवयव मोजून बाहेर काढायचा.

सकाळी दाराशी त्यांचे हातमोजे आणि बूट काढून ठेवलेले होते. लताबाईंनी बूट पुसले होते.

माळावर वारा होता. बागायतदाराने गाद्या टाकल्या होत्या, पोहे होते, कंपूतल्यांच्या बायका-पोरं आली होती. अण्णा पिंजऱ्यात शिरले, चारही पट्टे ओढले, आणि निघाले.

त्या फेरीबद्दल पुढे सगळे बरेच दिवस बोलले. पहिल्या वळणाला गाडी अशी चिकटून गेली की संजनाने हातातली बशी खाली ठेवली. अण्णांना दुसरं काही नको होतं. इंजिन कानाशी गात होतं, डांबर पायाखाली कळत होतं, पट्ट्यांनी त्यांना गाडीशी असं एक केलं होतं की गाडी कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो हे सांगता आलं नसतं. ज्या गाड्यांची चित्रं जन्मभर कपाटात लपवली त्यांच्यातलीच एक ते होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटमध्ये ते कोणाला दिसलं नाही.

मग गाडी थांबली. अण्णांनी इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं. बकल दाबलं, ते खट्कन उघडलं. खांद्यांवरचे पट्टे काढले. कमरेवरचे काढले. उजवा पाय आडव्या नळीवरून बाहेर टाकला, तळवा जमिनीला टेकल्याची खात्री केली. मान वाकवली. डोकं नळीखालून काढलं. डावा पाय ओढून घेतला. सरळ उभे राहिले. लोक टाळ्या वाजवत होते.

बरोबर झालं, असं अण्णांच्या मनात आलं. आणि त्यांना आपल्या छातीवर पट्टे दिसले.

समोर एक माणूस पाठमोरा चालला होता. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटला होता, आतल्या बनियनची रेघ दिसत होती. मान थोडी डावीकडे कललेली होती. अण्णांनी स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती, तरी ती त्यांनी ओळखली. संजना पुढे आली, त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी म्हणाला. सगळे खदखदून हसले.

अण्णांनी बकल दाबलं. ते दाबलं गेलं नाही. त्यांनी हाक मारली. तापलेल्या सायलेन्सरमधून टिक टिक आवाज येत राहिला. त्यांची स्वतःची हाक त्यांनाही ऐकू आली नाही.

परत निघायच्या वेळी संजनाने विचारलं की अण्णा, गाडी चालवत नेणार ना? माणसाने गाडीकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. अण्णांच्या नजरेला नजर भिडली, असं अण्णांना वाटलं.

"नको," तो म्हणाला. "टेम्पोवर चढवा. मी डॉक्टरांबरोबर येतो. आता काय, हौस फिटली."

साखळी लावून त्यांनी गाडी टेम्पोवर ओढली. आत कोणीच बसलं नाही.

६

सोमवारी शटर वर गेलं आणि गोटीराम कापायचं मशीन घेऊन आत आला. त्याने वायर जोडली, चाक बसवलं, फिरवून बघितलं. ठिणग्या उडणार त्या बाजूला पत्रा लावला. अण्णा सीटवर होते. एवढ्या वर्षांत गोटीरामच्या हातांकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. काप, ते म्हणत होते. काप रे बाबा. गोटीराम गुडघ्यावर बसला, मशीन नळीला लावलं.

"काय करतोस?"

माणूस दारात उभा होता. मागे लताबाई होत्या, हातात डबा. दोघं कुठेतरी निघाल्यासारखी दिसत होती, लताबाईंच्या केसांत गजरा होता.

गोटीराम उठला. तुम्हीच तर सांगितलं होतं, म्हणाला. नको म्हणालो तरी काप, असंही म्हणाला होतात.

माणूस हसला. गोटीरामच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. "रागात बोललो असेन. राहू दे. एवढं मेहनतीने केलंय आपण, असू दे एका बाजूला. आजचा दिवस सुट्टी घे."

गोटीरामचा चेहरा उजळला. आयुष्यभर या मालकाकडून त्याने "आपण" हा शब्द ऐकला नव्हता. त्याने वायर गुंडाळली. दोघं बोलत बोलत बाहेर गेले, कारखान्याच्या फाटकाकडे.

लताबाई मागे राहिल्या. शेड त्या प्रथमच बघत होत्या. ढिगातल्या सीटांकडे, हातोड्यांकडे बघत बघत त्या गाडीपाशी आल्या आणि वाकून आत पाहिलं.

त्या दचकल्या नाहीत. हातातला डबा त्यांनी फक्त छातीशी धरला. त्या बघत होत्या ते रिकाम्या सीटकडे नव्हे. नजर नेमकी अण्णांच्या डोळ्यांवर थांबली होती, तिथून ती खांद्यावरच्या पट्ट्यांवर गेली, पोटावरच्या बकलावर गेली, पुन्हा वर आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लताबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी सगळा जीव घशात गोळा केला. सोडव, म्हणाले. लता, सोडव. तिला नुसत्या नावाने हाक मारायची त्यांची ही पहिलीच वेळ. तिचा हात पुढे आला. खिडकीच्या कडेवर टेकला. बकलापासून तो वीतभरावर होता.

फाटकाकडून आवाज आला. "येतेस ना? ऊन होईल."

लताबाईंनी तिकडे पाहिलं. मग आत पाहिलं. हात मागे घेतला.

"हाका मारू नका," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांना ऐकू जाईल."

आणि बाहेर येऊन त्यांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.